नुसती सूज

नेव्याना द्रागानोव्हाला आयुष्यात पहिल्यांदा खरा राग आला, तो एका बरणीवरून.

तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. डॅन्यूबकाठचं स्विश्तोव सोडून सोफियाला रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या वसतिगृहात येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. आईनं, रुम्यानानं, बसच्या ड्रायव्हरच्या हाती ल्युतेनित्साची, म्हणजे मिरच्या-टोमॅटोच्या चटणीची, बरणी पाठवली होती. रुम्याना शिवणकाम करायची. सप्टेंबरात चार दिवस मशीन बंद ठेवून ती अंगणात लाल मिरच्या भाजायची, सोलायची आणि टोमॅटो घालून संध्याकाळपर्यंत ढवळत बसायची. नेव्यानानं झाकण उघडून नुसतं एक बोट चाटलं होतं, तेवढ्यात प्रशिक्षक इस्क्रा मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"काय आहे ते?"

"आईनं पाठवलंय, मॅडम."

"हो का? मग ऑलिम्पिकला आईलाच पाठवू या. तिला खाऊन नाचता येत असेल."

खोलीतल्या बाकीच्या मुली हसल्या. हसल्या नसत्या तर त्यांचीही कपाटं उघडली गेली असती. मॅडमनी बरणी उचलली, संडासात उपडी केली, पाणी सोडलं. मग बरणी नीट धुऊन, पुसून नेव्यानाच्या हातात दिली.

"काच चांगली आहे. परत पाठव."

नेव्यानानं बरणी घेतली. बोलायचं नसतं हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. पण त्या दिवशी तिच्या पोटात जे पेटलं, ते नंतर कधी पुरतं विझलं नाही. गंमत म्हणजे तिच्या उड्या त्या दिवसापासून उंच गेल्या. मॅडमना ते बरोबर कळलं. मुलींना चिडवलं की त्या चांगल्या नाचतात, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. त्याही एके काळी याच गालिच्यावर नाचल्या होत्या, आणि आता पन्नाशीत जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या.

संघाचा खेळ एकटीच्या खेळासारखा नसतो. पाच जणी, तेरा मीटरचा चौकोनी गालिचा आणि अडीच मिनिटं. एकीनं छताकडे फेकलेली रिंग दुसरी पाठमोरी असताना पायात झेलते. बघायला वेळच नसतो, ती तिथं येणार हे धरूनच चालायचं. नेव्याना त्या चौघींना आईबापांपेक्षा जास्त ओळखत होती. कुणाचा श्वास कुठं अडकतो, कुणाची पाळी चुकली आहे, कोण रात्री उशीत तोंड खुपसून रडली आहे, हे तिला सकाळच्या पहिल्या फेकीतच समजायचं. रोज सकाळी सहाला वजन. काटा दोनशे ग्रॅम वर गेला की मॅडम सगळ्यांदेखत म्हणायच्या, "या, या, मैद्याचं पोतं आलं." आणि उडी चुकली की, "ही उडी होती? मला वाटलं, कुणी तिसऱ्या मजल्यावरून गादी टाकली."

अठराव्या वर्षी नेव्याना कर्णधार झाली. जागतिक स्पर्धेत एकदा दुसऱ्या आल्या, एकदा पाचव्या. दुसऱ्या आल्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पहिल्या का नाही?" पाचव्या आल्या तेव्हा विमानात सबंध प्रवासभर एक अक्षर बोलल्या नाहीत. ते जास्त भयंकर होतं.

ऑलिम्पिकच्या वर्षी नेव्याना बावीसची होती. वसंताच्या स्वागताला मार्चमध्ये बांधलेले लाल-पांढरे दोरे अजून मुलींच्या मनगटावर होते, तेव्हा तिचा डावा पाय दुखायला लागला. आधी उडीनंतर, मग चालताना, मग झोपेतसुद्धा. संघाचे डॉक्टर पेनेव्ह यांनी एक्स-रे काढून आणला. ते मऊ आवाजाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. सगळ्या मुलींना 'बाळा' म्हणायचे, आणि त्या वसतिगृहात प्रेमानं बोलणारे तेवढेच एक असल्यामुळे मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली, पाकिटात परत घातली आणि तिच्या गालावर चापटी मारली.

"नुसती सूज आहे, बाळा. इंजेक्शन देतो. पळायला लागशील."

इंजेक्शननं पाय बधिर व्हायचा. गालिचा पायाखाली आहे की नाही, हे तिला आरशात बघून ठरवावं लागायचं. चार महिने ती तशी नाचली. दुखतं म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हणाली, तर मॅडम शांतपणे राखीव मुलीकडे वळल्या. "तू तयार आहेस ना गं?" राखीव मुलीचे डोळे असे काही चमकले, की नेव्यानानं पुन्हा तो विषय काढला नाही.

ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत, दुसऱ्या नाचाच्या शेवटच्या मोठ्या उडीत, तिला स्वतःच्या पायातून 'कट्' असा आवाज ऐकू आला. संगीत चालू होतं, हजारो माणसं ओरडत होती, तरी आला. ती उतरली, वळली, संघातल्या मिग्लेनानं फेकलेली रिंग तिच्या हातात आली. सोळा सेकंद उरले होते. ती हसत होती. त्या हसण्याचा फोटो नंतर सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला. कांस्यपदक घेताना ती उजव्या पायावर उभी होती, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

विमानतळावर ढोल होते, स्वागताच्या रिवाजाप्रमाणे मीठ लावून द्यायला पावाचा भला थोरला गोल होता, एक मंत्री होता. रुम्याना स्वतः शिवलेला निळा ड्रेस घालून आली होती. लेकीला मिठी मारताच ती कानात म्हणाली, "अगं, तुझ्या अंगावर काही उरलंय की नाही? नुसत्या काटक्या हाताला लागतायत." नेव्याना तेव्हा सोफियाला गेल्यापासून पहिल्यांदा रडली. लोकांना वाटलं, आनंदानं.

पाय बरा होईना. नोव्हेंबरात रुम्यानानं तिला रूसेच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा कपाळावर सारून बोलणाऱ्या. त्यांनी नवी फिल्म दिव्यावर लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पहिल्यांदा कधी मोडलं हे?"

"मोडलं नव्हतं. वसंतात सूज होती."

"सूज?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पोरी, सूज हाडावर अशी रेघ ओढत नाही. हे हाड आधी तडकलं, त्यावर कुणी तरी तुला नाचवलं, मग ते पुरतं मोडलं. जुनी फिल्म घेऊन ये. आणि ज्यानं सूज सांगितली ना, त्याचं नाव मला सांगू नकोस. या वयात मला तुरुंगात जायचं नाही."

नेव्याना कुबड्या घेऊन सोफियाला गेली. संघाच्या दवाखान्यातली नर्स तिला पंधराव्या वर्षापासून ओळखत होती, तिनं कपाट उघडून पाकीट दिलं. आत फिल्मबरोबर एक टाइप केलेला कागद होता. एप्रिलची तारीख. ज्यानं फिल्म काढली त्या इस्पितळाचा शिक्का. 'डाव्या पावलाच्या तिसऱ्या लांब हाडाला तडा. सहा आठवडे संपूर्ण विश्रांती आवश्यक.' कागदाच्या कोपऱ्यात दोन सह्या होत्या. एक पेनेव्हची, एक मॅडमची. वाचल्याच्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुबड्या आपटत ती हॉलमध्ये शिरली. मॅडम खुर्चीवर बसून नव्या मुलींची कवायत बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

मॅडमनी कागदाकडे एक नजर टाकली. नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं नेव्यानाला नंतर कित्येकदा वाटलं.

"होतं."

"आणि मला सूज म्हणून सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

उत्तर नेव्यानाला माहीत होतं. थांबली नसती. दात-ओठ खाऊन नाचली असती.

"बघ," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे फरक काय पडला? उलट तुझी काळजी वाचवली मी. मला तर कुणी सूजसुद्धा सांगितली नव्हती. हाकलायचे गालिच्यावर, जा म्हणून."

"नाचले असते मी! पण ते मी ठरवलं असतं! माझा पाय आहे तो. तुमच्या कपाटातली रिंग नाही!"

हॉलमधल्या मुली जागच्या जागी थांबल्या. मॅडमनी टाळी वाजवली. "तुम्ही काय बघताय? पुन्हा सुरुवातीपासून." मग नेव्यानाकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "रागावलीस, चांगलं आहे. इथं रागीट माणसंच टिकतात. पाय बरा झाला की ये. लहान मुलींना शिकव."

नेव्याना त्यांच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली.

पुढे दोन शस्त्रक्रिया झाल्या. वर्ष-सव्वा वर्ष ती आईच्या शिवणयंत्राशेजारी पलंगावर पडून होती. पाय चालण्यापुरता झाला, उडीपुरता नाही. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला दुसरं काहीही येत नाही. शाळा अर्धवट राहिली होती. पैशांचे व्यवहार, बँक, स्वयंपाक, काहीच कधी केलं नव्हतं. येत होतं ते एवढंच, की पाच जणी एका गालिच्यावर एकमेकींत कशा गुंफायच्या. दुसऱ्या वर्षी वसंतात ती सोफियाला परत गेली आणि सहायक प्रशिक्षक म्हणून सही केली. सही करताना तिला स्वतःचाच इतका राग आला, की कागदाला पेनानं भोक पडलं. मॅडम म्हणाल्या, "दुसरा कागद द्या तिला."

तीन वर्षं तिनं तिथं काम केलं. मुलींना टोमणे मारले नाहीत, पण त्यांच्यासाठी भांडलीही नाही. वजनकाट्याच्या वेळी ती मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहायची. न बघणं म्हणजे काहीतरी करणंच आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

मग डेनित्साचा पाय आला.

डेनित्सा व्हिदिनच्या एका ट्रकचालकाची मुलगी. अठरा वर्षांची, तोंडाळ, आणि हात असे की फेकलेला चेंडू तिच्याकडे आपणहून यायचा. युरोपियन स्पर्धेला तीन आठवडे होते. नेव्यानानं पाहिलं, की पोरगी सरावाआधी भिंतीच्या आड जाऊन डावा पाय दाबते आहे, आणि जिना उतरताना कठडा धरते आहे.

"काय होतंय?"

"काही नाही, ताई. गेल्या आठवड्यात फिल्म काढली. डॉक्टरकाका म्हणाले, नुसती सूज आहे."

तेच शब्द. त्याच चालीत. नेव्यानानं डेनित्साचा दंड धरला, कोट अंगावर टाकला आणि भर सरावातून तिला बाहेर काढून आपल्या जुन्या गाडीत बसवलं. शहरातल्या दुसऱ्या एका इस्पितळात तासाभरात नवी फिल्म निघाली. तिथल्या तरुण डॉक्टरनं पेन्सिलीनं रेघ दाखवली. तडा. सात आठवडे विश्रांती. आत्ता नाचलीस तर मोडेल, आणि मोडलं तर पुढचं सांगता येत नाही.

गाडीत बसल्यावर डेनित्सा फुटली.

"कुणी सांगितलं होतं तुला? मी आले होते का तुझ्याकडे रडत?"

"डेनित्सा..."

"तुझ्याकडे मेडल आहे! तुझं सगळं झालं, म्हणून आता माझं घालवतेस! बाबा रात्रंदिवस ट्रक हाकतात. त्यांनी मला एकदासुद्धा गालिच्यावर समोरासमोर बघितलेलं नाही. या वेळी सुट्टी काढलीय त्यांनी. आणि तू मला इथं आणतेस? आता मॅडमना जाऊन सांगणार असशील!"

"मी कुणाला काही सांगणार नाही." नेव्यानानं पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. "हे तुझं आहे. काय करायचं ते तू ठरव."

"मी नाचणार."

'मूर्ख कार्टे, मी चालते कशी ते बघतेस ना रोज?' हे नेव्यानाच्या ओठांवर आलं होतं. पाकीट हिसकावून घ्यावं, फोन करून सरळ तिच्या बापाला सांगावं, पोरीला उचलून घरी टाकावं, असं तिला वाटलं. तिच्या भल्यासाठीच. मॅडमनीही भल्यासाठीच केलं होतं. तिनं गाडी सुरू केली. आणि वसतिगृहाशी आणून उभी केली. उतरताना डेनित्सानं दार असं आपटलं की आरसा निखळून खाली लोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेनित्सा सरावाआधी इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेली. ती खरंच नाचणार होती, हे तिनं पुढे कितीतरी जणांना सांगितलं. नाचायचं ठरवलंच होतं. फक्त सुई टोचून घेता घेता तिनं विचारलं, "डॉक्टरकाका, माझ्या फिल्ममध्ये नेमकं काय दिसलं हो?"

पेनेव्ह तिच्याकडे बघून हसले. "सांगितलं ना बाळा. नुसती सूज."

ते इतक्या प्रेमानं म्हणाले, की डेनित्साचं डोकं फिरलं. ते ओरडले असते, गप्प बसले असते, नजर चुकवली असती, तर कदाचित तिनं गिळलं असतं. ती टेबलावरून उतरली आणि तशीच अनवाणी हॉलमध्ये आली. मुली गालिच्यावर उभ्या होत्या, मॅडम खुर्चीत होत्या, नेव्याना टेपजवळ. डेनित्सानं पिशवीतून पाकीट काढलं आणि कागद मोठ्यानं वाचला. तारखेसकट, शिक्क्यासकट. मग म्हणाली,

"गेल्या आठवड्याचा माझा कागद कपाटात आहे. मला तो हवाय. तुम्हाला कुणाला आपापले बघायचेत का?"

मग मिग्लेना, नेव्यानाच्या वेळच्या संघातली शेवटची उरलेली, सव्वीस वर्षांची, पुढं आली. "मला बघायचंय. माझी पाठ दोन वर्षं सुजलीय."

नर्सनं किल्ली द्यायला नकार दिला नाही. पाचही जणी पाकिटं घेऊन परत आल्या आणि गालिच्यावर मांडी घालून बसल्या. मिग्लेनाच्या कागदावर मणक्यांबद्दल चार ओळी होत्या. तिनं त्या दोनदा वाचल्या आणि कागद शेजारणीला दिला, जणू दुसऱ्या कुणाचं पत्र होतं.

"झालं वाचून?" मॅडम म्हणाल्या. "उठा. नेव्याना, संगीत लाव."

"नाही लावणार."

मॅडम स्वतः उठल्या. टेपपर्यंत चालत गेल्या, कळ दाबली. रिंगांच्या नाचाचं संगीत सुरू झालं, अख्खी अडीच मिनिटं वाजलं, आणि पाच मुली रिकाम्या गालिच्यावर बसून राहिल्या. मॅडमनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. नेव्यानाला वाटलं होतं, हे बघून आपल्याला बरं वाटेल. नाही वाटलं. तिला फक्त त्या बाईच्या जागी कधी काळची एक सोळा वर्षांची पोरगी दिसली, जिला कुणीतरी गालिच्यावर हाकललं होतं, आणि तिला त्या हाकलणाऱ्याचाही राग आला. राग कुठं थांबवायचा हेच कळेना.

त्या वर्षी संघ युरोपियन स्पर्धेला गेला नाही. बातमी फुटल्यावर लोक भडकले, पण भलत्याच माणसांवर. नेव्याना देशद्रोही ठरली. स्वतः पदक मिळवून दुसऱ्यांचं हिसकावणारी. स्विश्तोवच्या बाजारात एका गृहस्थानं रुम्यानाला गाठून विचारलं, "तुमच्या लेकीमुळे आमचं मेडल गेलं. लाज नाही वाटत?" रुम्याना शांत बाई, पण त्या दिवशी तिनं हातातली कोबी खाली ठेवली. "तुमचं मेडल? तुमचा कुठला पाय मोडला हो त्यात?"

चौकशी झाली. पेनेव्ह फुलांचे गुच्छ घेऊन निवृत्त झाले. मॅडमना समज देण्यात आली, आणि त्या जागेवर राहिल्या. नेव्यानाला 'शिस्तभंगाबद्दल' चार ओळींचं पत्र मिळालं. एक मात्र झालं: फिल्म ज्या मुलीची, तिच्या हातात पहिल्यांदा द्यायची, आणि तिनं सही केल्याशिवाय डॉक्टरनं इंजेक्शन द्यायचं नाही, असा नियम लेखी झाला. मिग्लेनानं तो वाचला, खेळ सोडला आणि लग्न केलं. डेनित्सानं सात आठवडे पाय वर ठेवून काढले. त्या काळात ती नेव्यानाशी बोलली नाही. पुढेही बोलली नाही. एकदा फक्त निरोप पाठवला, की बाबा म्हणतायत, थँक यू म्हण, म्हणून म्हणतेय.

नेव्याना स्विश्तोवला परतली. शाळेच्या व्यायामशाळेत तिनं मुली घ्यायला सुरुवात केली. सहा मुली, फाटका गालिचा, वजनकाटा नाही. आईबाप विचारायचे, "आमची सोफियाला जाईल का हो?" ती म्हणायची, "मला विचारू नका. तिला विचारा. आणि ती काय सांगते ते ऐकायची तयारी ठेवा." दोघांनी मुली काढून घेतल्या, तिघांनी नव्या आणल्या.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी टीव्हीवर दाखवत होते. रविवारची दुपार. अंगणात मिरच्या भाजायला टाकून रुम्याना हात पुसत आत आली, तर लेक टीव्हीसमोर उभी. पडद्यावर डेनित्सा पाचांत मधोमध होती आणि गालिच्याच्या कडेला इस्क्रा मॅडम, काळ्या जाकिटात, हाताची घडी घालून.

"बंद कर ना, त्रास करून घेतेस," रुम्याना म्हणाली.

"थांब."

संगीत सुरू झालं. "कुत्री," नेव्याना मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली. "बघ कशी उभी आहे. जणू हिनंच हाडं जोडली." रिंगा वर गेल्या. नेव्यानाचं तोंड चालूच होतं, मॅडमला, पेनेव्हला, मंत्र्याला, बाजारातल्या त्या गृहस्थाला, सगळ्यांना ती एकेक करून शिव्या घालत होती. आणि चांगला पाय जमिनीवर मोजत होता, एक, दोन, तीन, चार. पाच जणी एकमेकींत मिसळून सुटल्या, पाठमोऱ्या डेनित्साकडे रिंग निघाली, आणि नेव्यानानं शिवी अर्धी सोडून श्वास रोखला.

झेलली.

"हात उशिरा गेला," ती टीव्हीवर ओरडली. "उशिरा गेला गं! कोण शिकवतंय तुम्हाला?"

त्या चौथ्या आल्या. रुम्यानानं टीव्ही बंद केला आणि लेकीला मिरच्या सोलायला अंगणात बोलावलं. नेव्याना आली, पाटावर बसली, एक गरम मिरची उचलून तिची साल ओढायला लागली. बोटं भाजत होती, आणि ती अजून बडबडत होती.